पंढरपूरचा मुक्काम : जुलै १८१५

आषाढी यात्रेच्या दिवसांतली पंढरपूरची रात्र. विठ्ठलाचे दर्शन घेऊन एक ब्राह्मण मुत्सद्दी आपल्या बिऱ्हाडाकडे परतत आहे. अंगात ताप आहे, गळ्यात कंठी आहे, सोबत मोजकी माणसे आहेत आणि तीही निःशस्त्र. बिऱ्हाडाचा उंबरठा त्यांना पुन्हा दिसत नाही. आणि त्या रात्रीनंतर तीन वर्षे पुरी होण्याच्या आत पेशव्यांचे राज्य संपलेले असते.

हे मुत्सद्दी म्हणजे गंगाधरशास्त्री पटवर्धन, बडोद्याच्या गायकवाडांचे पुण्याच्या दरबारातील वकील. शाळेच्या पुस्तकात त्यांना एक ओळ मिळते: दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांनी त्यांचा खून करविला आणि त्यातून इंग्रज-पेशवे संबंध बिघडले. आज या एका ओळीच्या आत शिरून पाहू. खून कोणी करविला, हा प्रश्न दोनशे वर्षे चघळला गेला आहे. त्या खुनाची चौकशी कोणी करायची, हा दुसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते राज्य बुडाले ते त्या दुसऱ्या प्रश्नात.

आधी शास्त्री पुण्यात आले कशासाठी, ते पाहू.

गायकवाड हे पेशव्यांचे सरदार. पेशव्यांना त्यांच्याकडून खंडणी यावयाची असे, ती थकत असे, आणि थकलेल्या बाकीवर नवी बाकी चढत असे. दुसरी गोष्ट अहमदाबादची. तेथील पेशव्यांच्या हिश्श्याचा इजारा, म्हणजे ठरावीक रकमेवर महसूल गोळा करण्याचा मक्ता, १८०४ पासून दहा वर्षांसाठी गायकवाडांकडे होता. १८१४ साली ती मुदत संपत आली. बडोद्याला इजारा पुढे चालवायचा होता. बाजीरावांना गुजरातेत आपला पाय पुन्हा रोवायचा होता. हिशेबाचे कागद, जुन्या थकबाकीचे तंटे आणि त्यांच्यामागे दडलेले राजकारण, हे सारे घेऊन शास्त्री पुण्यास आले.

ते साधे वकील नव्हते. बडोद्याचे रेसिडेंट मेजर वॉकर यांच्या हाताखाली त्यांचा उदय झाला होता आणि बडोद्याच्या कारभारात त्यांचा शब्द चाले. पुण्याचे रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांचे जे वर्णन केले आहे ते मोठे गमतीचे आहे. शास्त्री साहेबी थाटात झपझप चालत, झपझप बोलत, समोरच्याचे वाक्य मध्येच तोडीत आणि बोलण्यात इंग्रजी शब्द पेरीत. जुन्या वळणाच्या पुणेरी दरबाराला हा मनुष्य कसा वाटला असेल, याची कल्पना करता येते. आपल्याकडे आजही परदेशी कंपनीतून परतलेला भाचा दिवाळीला घरी आला की असेच काहीसे होते.

शास्त्री कंपनी सरकारच्या अभयवचनावर आले होते, ही गोष्ट पुढच्या साऱ्या कथेत महत्त्वाची आहे. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात बाजीरावांनी मान्य केले होते की, गायकवाडांशी असलेल्या देण्याघेण्याच्या वादात कंपनी मध्यस्थी करील. म्हणजे पेशवा आणि त्याचाच सरदार यांच्यामधील हिशेबाला तिसरा पंच बसला होता. शास्त्र्यांच्या जिवाची हमी याच पंचाने घेतली होती.

समोर होते त्रिंबकजी डेंगळे. संगमनेरजवळील निमगाव जाळी हे त्यांचे गाव. जासूद म्हणून नोकरीस लागलेला हा मनुष्य धडाडी, कष्ट आणि धन्यावरील निष्ठा यांच्या बळावर पेशव्यांचा सर्वांत विश्वासू कारभारी झाला. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचे चित्र केवळ काळ्या शाईने रंगविलेले आहे; ते वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की, पुण्याच्या दरबारात इंग्रजांना सर्वांत अधिक नकोसा झालेला मनुष्य हाच होता. अहमदाबादचा इजारा अखेर बडोद्यास मिळाला नाही. तो त्रिंबकजींच्याच पदरात पडला.

येथून शास्त्र्यांच्या मुक्कामाची घडी विसकटू लागली. काम फसले होते, आणि रिकाम्या हाताने बडोद्यास परतणे आले होते. इतक्यात दरबाराचा नूर अचानक पालटला. बाजीराव शास्त्र्यांवर मेहेरबान झाले. पेशवाईत मोठे पद देण्याची भाषा सुरू झाली, आणि पेशव्यांच्या मेहुणीचे लग्न शास्त्र्यांच्या मुलाशी लावण्याचे ठरले. शास्त्र्यांनीही एक तोड सुचविली: वार्षिक सात लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख गायकवाडांनी पेशव्यांना द्यावा आणि मागील सगळा हिशेब मिटवावा. ही तोड त्यांनी आपल्या धन्याची संमती येण्यापूर्वीच पुढे केली. बडोद्याहून फत्तेसिंगराव गायकवाडांचे होकारार्थी उत्तर काही येईना.

१८१५ च्या उन्हाळ्यात पेशव्यांची स्वारी नाशिकला गेली. लग्न तेथे व्हायचे होते, तयारीही थाटाची झाली होती. पण बडोद्याची संमती नाही, मुलूख मिळण्याची खात्री नाही, आणि अशा वेळी पेशव्यांशी सोयरीक केली तर आपण फितूर ठरू, हे भय शास्त्र्यांना वाटू लागले. त्यांनी लग्न पुढे ढकलले. ते पुढे ढकलणे म्हणजे मोडणेच होते. याखेरीज आपल्या पत्नीला पेशव्यांच्या वाड्यात पाठविण्यासही त्यांनी नकार दिला. बाजीरावांच्या वाड्यातील रंगढंगांची जी कुप्रसिद्धी होती, ती पाहता या नकाराचा अर्थ दरबारात कोणालाही समजावून सांगण्याची गरज नव्हती. भर यात्रेत झालेला असा अपमान बाजीराव गिळतील, असे मानणारा मनुष्य बाजीरावांना ओळखत नव्हता असेच म्हणावे लागेल.

तरी वरकरणी काही बिघडले नाही. उलट त्रिंबकजी अधिकच गोड वागू लागले. एल्फिन्स्टन निर्धास्त मनाने वेरूळची लेणी पाहण्यास गेले. आणि आषाढीसाठी पेशव्यांची स्वारी पंढरपुरास निघाली, तेव्हा शास्त्र्यांना बरोबर येण्याचे आमंत्रण मिळाले. त्यांचे सहकारी बापू मैराळ हे सावध गृहस्थ होते. ते मागे राहिले. शास्त्र्यांसोबत फार थोडी माणसे गेली.

बाजीरावांना पंढरपूर नवे नव्हते. तीनच वर्षांपूर्वी, १८१२ च्या जुलै महिन्यात, याच पंढरपुरात दक्षिणेतील जहागीरदार आणि पेशवे यांच्यातील तंटा एल्फिन्स्टन यांच्या मध्यस्थीने मिटविण्यात आला होता. तो पंढरपूरचा करार म्हणून ओळखला जातो. यात्रेच्या निमित्ताने दरबारच क्षेत्री हलत असे, भेटीगाठी होत, देणीघेणी ठरत. तेव्हा वकिलाने पेशव्यांबरोबर वारीला जाण्यात वावगे काहीच नव्हते. उलट नाशिकला पडलेली अढी पंढरपुरात सुटेल, अशी आशा शास्त्र्यांनी धरली असेल तर ती अगदीच भाबडी म्हणता येणार नाही.

त्या रात्रीची हकीगत बरीच बारकाईने उपलब्ध आहे. शास्त्री एका मेजवानीहून परतले ते कणकण घेऊनच. कोणी देवळात बोलावण्यास आले तर प्रकृती बरी नाही असे सांगा, असे त्यांनी आपल्या माणसांना बजावले. थोड्याच वेळात त्रिंबकजींचे बोलावणे आले: दर्शनाला यावे. शास्त्र्यांनी नकार कळविला. पुन्हा निरोप आला, आता गर्दी ओसरली आहे, सवड आहे. पुन्हा नकार. तिसऱ्या निरोपानंतर मात्र, आता न जाणे हा उघड अपमान होईल, असे वाटून ते उठले. या ठिकाणी थांबून विचार करावासा वाटतो. तीन वेळा बोलावणे येते, दोन वेळा मनुष्य नाही म्हणतो, आणि अखेर शिष्टाचाराच्या ओझ्याने तो अंगावर शेला घेऊन बाहेर पडतो.

वाटेत त्यांच्या एका माणसाच्या कानावर गर्दीतला प्रश्न पडला: यांतले शास्त्री कोणते? उत्तर आले, ज्यांच्या गळ्यात कंठी आहे ते. यात्रेच्या गर्दीत कोणी मोठ्या माणसाविषयी विचारावे यात नवल काय, म्हणून कोणी लक्ष दिले नाही.

देवळात दर्शन झाले. त्रिंबकजींशी बोलणे झाले. वरच्या बाजूस पेशवे बसले होते, त्यांनी शास्त्र्यांची विशेष आस्थेने विचारपूस केली. शास्त्री समाधानाने निघाले. त्रिंबकजींचे काही शिपाई त्यांच्यासोबत दिले गेले. थोडे अंतर गेल्यावर मागून तीन माणसे वाट मोकळी करा असे ओरडत धावत आली. त्यांच्या एका हातात पिळलेले वस्त्र होते. दुसऱ्या हातातील तरवार अंधारात दिसली नाही. पहिला वार झाला, शास्त्री कोसळले, पुढूनही मारेकरी आले. सोबतची काही माणसे जखमी झाली, बाकीची पळाली. नागव्या तरवारी घेतलेले लोक देवळाच्या दिशेने धावत जाताना पाहिले, असे साक्षीदारांनी सांगितले.

ब्राह्मण, तोही दुसऱ्या दरबाराचा वकील, आणि क्षेत्रात, यात्रेच्या दिवसांत, देवदर्शनाहून परतताना. त्या काळच्या धर्मकल्पनेत यांपैकी प्रत्येक गोष्ट खुनाला दुप्पट काळे करणारी होती. येथे पाचही एकत्र आल्या.

दुसऱ्या दिवशी शास्त्र्यांच्या माणसांनी त्रिंबकजींकडे तपासाची मागणी केली. त्रिंबकजी म्हणाले, तपास करूच. पण शास्त्र्यांचे वैरी बडोद्यात काय थोडे आहेत? हे उत्तर उडवाउडवीचे होते, पण अगदी निराधार नव्हते. बडोद्याच्या कारभारातून दूर झालेले सीताराम रावजी यांचा पक्ष शास्त्र्यांचा कट्टर शत्रू होता, आणि त्या पक्षाचे गोविंदराव बंधुजी व भगवंतराव हे हस्तक पेशव्यांच्या आश्रयास होते. संशयित एकच होता, असे चित्र जे रंगविले जाते ते या माणसांना विसरून. पुढे इंग्रजांनी त्यांनाही ताब्यात मागितले, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

वेरूळपासून पंढरपूर सरळ रेषेतही अडीचशे किलोमीटरांहून दूर आहे. लेणी पाहण्यात रमलेल्या एल्फिन्स्टन यांच्या हाती बातमी पडली, तेव्हा त्यांना पहिली गोष्ट कळली असेल ती ही की, मारला गेला तो गायकवाडांचा वकील असला तरी मोडले गेले ते कंपनीचे वचन. ते पुण्यास परतले. बाजीरावही परतले, पण नेहमीच्या थाटाने नव्हे; बंद पालखीतून, रात्री, सरदारांच्या सामोऱ्या येण्यावाचून. श्रावणातल्या दक्षिणेच्या प्रसंगीही ते वाड्याबाहेर पडले नाहीत. हे अपराध्याचे वागणे, असे एल्फिन्स्टन यांनी मानले. बाजीराव निष्पाप असते तरी ते असेच वागले असते, असे मला वाटते. भित्रेपणा हा त्यांचा जुना सोबती होता आणि त्याला नव्या कारणाची गरज कधीच लागली नाही.

आता चौकशीच्या प्रश्नाकडे येऊ.

एल्फिन्स्टन यांची मागणी: त्रिंबकजींना आधी अटकेत टाका. ते सत्तेवर असेपर्यंत त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्याची छाती कोणाची होणार? बाजीरावांचे म्हणणे: आधी पुरावा दाखवा, मग अटक. माझा कारभारी, माझा मुलूख, माझ्या मुलखात झालेला गुन्हा. तपास मी करीन. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी तर्काला धरून होते. परंतु दोन्ही एकाच वेळी खरे होऊ शकत नव्हते. जो संशयित आहे त्याच्याच हाती तपास, असे एका बाजूने दिसे. तर दुसऱ्या बाजूने दिसे की, परक्या रेसिडेंटच्या शब्दावर पेशव्याने आपला मुख्य कारभारी बांधून द्यावयाचा आहे. एकदा हे केले की पेशव्याचा हुकूम पुण्यात चालतो की संगमावरील रेसिडेन्सीचा, याचा निकाल लागणार होता.

एल्फिन्स्टन यांनी एक चतुर गोष्ट केली. बाजीरावांवर त्यांचा संशय होता, पण त्यांनी आरोप ठेवला तो एकट्या त्रिंबकजींवर. पेशव्यास निसटण्यास फट ठेवली, आणि फटीची किंमत म्हणून कारभारी मागितला. यामागे केवळ सौजन्य नव्हते. कंपनीचे सैन्य त्या वेळी नेपाळच्या युद्धात गुंतलेले होते. युरोपात वॉटर्लूची लढाई नुकतीच, म्हणजे १८ जूनला झालेली, आणि तिची वार्ताही अद्याप हिंदुस्थानात पोहोचली नव्हती. अशा वेळी पुण्यात दुसरी आघाडी उघडणे गव्हर्नर जनरलना परवडणारे नव्हते.

बाजीरावांनी दिवस ढकलले. त्रिंबकजींना वसंतगडावर नजरकैदेत ठेवतो, असे सांगून पाहिले. अखेर सप्टेंबर १८१५ मध्ये त्यांना इंग्रजांच्या हवाली केले गेले आणि त्यांची रवानगी ठाण्याच्या किल्ल्यात झाली. ज्याला आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह म्हणतात, तोच हा किल्ला. पहारा गोऱ्या शिपायांचा ठेवला होता, म्हणजे फितुरी होऊ नये. गंमत अशी की, हीच खबरदारी अंगाशी आली. एका साहेबाचा मराठी मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाणे म्हणे आणि गाण्यातून कैद्याला निरोप पोहोचवी. मराठी न समजणारा पहारेकरी ते ऐकत उभा राही, अशी कथा तेव्हापासून सांगितली जाते. १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्रिंबकजी किल्ल्यातून निसटले. कथेत रंग भरला गेला असेल. सुटका मात्र खरी.

पुढील महिने त्रिंबकजींना बाजीराव आतून मदत करीत आहेत, असा इंग्रजांचा आरोप होता. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टन यांनी पुण्यावर फौज आणली आणि सिंहगड, पुरंदर, रायगड हे किल्ले तारण म्हणून मागून घेतले. त्या पाठोपाठ १३ जून १८१७ चा पुण्याचा तह झाला. या तहाचे पहिले कलम प्रत्येक अभ्यासकाने एकदा सावकाश वाचावे. त्यात त्रिंबकजी हे गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाचे अपराधी आहेत, अशी आपली खात्री झाल्याचे पेशवे मान्य करतात. त्याच तहात मराठा मंडळावरील आपले प्रमुखपण त्यांनी सोडले, आणि ज्या अहमदाबादच्या इजाऱ्यापायी हा सारा प्रवास सुरू झाला होता, तो गायकवाडांना कायमचा मिळाला.

म्हणजे न्यायालय बसले नाही, साक्षीपुरावे उघडपणे तपासले गेले नाहीत, आरोपीचे म्हणणे कोणी नोंदवून घेतले नाही. गुन्हा शाबीत झाला तो तहाच्या कलमाने, तोही किल्ले गहाण पडलेले असताना. त्रिंबकजी निर्दोष होते असे मला म्हणायचे नाही. तीन वेळा गेलेले निरोप आणि देवळाकडे धावलेले मारेकरी यांचे समाधानकारक दुसरे स्पष्टीकरण मला सापडलेले नाही. परंतु आपल्यापर्यंत आलेली हकीगत कोणाच्या हातून आली, तेही पाहिले पाहिजे. साक्षी दिल्या त्या शास्त्र्यांच्या माणसांनी, त्या घेतल्या एल्फिन्स्टन यांनी, आणि त्यांवरून इतिहास लिहिला तो एल्फिन्स्टन यांच्या हाताखाली काम केलेल्या ग्रँट डफ यांनी. त्यांचा ग्रंथ १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि नंतरच्या बहुतेकांनी तेथूनच पाणी भरले. कंठीचा प्रसंग इतका नेमका, इतका नाट्यमय आहे, तो याच घागरीतला.

तहानंतरचे सारे भराभर घडले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई, पुणे गेले, बाजीरावांची पळापळ सुरू झाली. फेब्रुवारी १८१८ मध्ये त्यांना आष्टीजवळ गाठले गेले. बापू गोखले तेथे पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. नकाशा उघडून पाहा: हे आष्टी पंढरपूरपासून फार दूर नाही. जून १८१८ मध्ये बाजीरावांनी माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि सालीना आठ लाखांच्या तनख्यावर ते ब्रह्मावर्तास गेले. तनखा मिळाला तो पेशव्याला. त्याच महिन्यात त्रिंबकजी नाशिककडील अहिरगावी पकडले गेले, त्यांना मिळाला गंगाकाठचा चुनारचा किल्ला. १८२४ साली बिशप हेबर प्रवासात तेथे थांबले, तेव्हा त्यांनी या कैद्याला पाहिले होते. १८२९ साली त्रिंबकजी कैदेतच वारले. त्या रात्री पंढरपुरात प्रत्यक्ष तरवार चालविणाऱ्यांची नावे मात्र कोणत्याही तहात आली नाहीत.